बदकूला कळलं

ऑफिसात मला कुणी नावानं हाक मारत नाही. मी बदक आहे. पिवळं, प्लास्टिकचं, टीपॉयवर मावेल एवढं, आणि बटण दाबलं की चोचीतून वाफ सोडणारं. सर्दी झालेल्या पोरांना वाफ द्यायचं यंत्र आहे ते. पोरं वाफ घ्यायला रडतात म्हणून कंपनीनं त्याला बदकाचा आकार दिला. बदक आहे तर ते बोललंही पाहिजे, म्हणून त्याचं नाव बदकू ठेवलं आणि त्याचं सोशल मीडियावरचं पान चालवायचं काम आमच्या जाहिरात एजन्सीकडे आलं. एजन्सीत पोरासोरांसारखं बोलायला जमणारी मी एकटीच, त्यामुळे पानावर बदकू जे काही बोलतो ते माझ्या बोटांतून येतं. "क्वॅक क्वॅक! आज कुणाचं नाक वाहतंय?" हे वाक्य माझं. हसू नका. त्याला इतके बदाम मिळाले की साहेबांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं.

साहेबांना आम्ही पाठीमागे 'आलेख' म्हणतो. बोलताना त्यांचा उजवा हात खालून वर चढत जातो. जेवणाचा डबा कसा होता हे सांगतानासुद्धा चढतो. माणूस वाईट नाही, पण ज्याचा आलेख काढता येत नाही ते त्यांना दिसत नाही.

आमचा सगळा कारभार एका टूलवर चालतो. आठवडाभराच्या पोस्ट त्यात आधीच भरून ठेवायच्या, आया कधी मोबाइल हातात घेतात ते बघून ते आपणच त्या सोडतं. कुणी किती पाहिलं, कुठे थांबलं, कुणाला पाठवलं, सगळं सांगतं. वरच्या कोपऱ्यात एक तबकडी आहे, तिला 'मूड' म्हणतात. लोक ब्रँडबद्दल बरं बोलत असले की काटा हिरव्यात, कुरकुरत असले की पिवळ्यात, शिव्या घालायला लागले की लाल. बदकूचा काटा कित्येक दिवस हिरव्यात असा काही बसला होता की साहेब येता-जाता त्याच्याकडे लाडानं बघायचे.

आणि मग आमची चाळणी. चाळणीत शब्द भरायचे. त्यातला एखादा शब्द ज्या कमेंटमध्ये येईल ती कमेंट आपोआप झाकली जाते. पुसली जात नाही हं. पुसली तर माणूस चिडतो, फोटो काढून गावभर दाखवतो. झाकलेली कमेंट लिहिणाऱ्याला जागच्या जागी दिसत राहते. त्याला वाटतं, आपण चारचौघांत बोललो. प्रत्यक्षात तो रिकाम्या खोलीत बोललेला असतो. वर त्याला बदकूचा खासगी मेसेजही जातो, आपोआपच: "बदकूला कळलं! तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. क्वॅक!" हे वाक्यही माझंच.

प्रत्येक ब्रँडला त्याच्या धंद्याप्रमाणे शब्द घालायचे ही आमची पद्धत. हॉटेल असेल तर झुरळ, बूट असतील तर तळवा. बदकूसाठी मी फालतू, फसवलं, पैसे परत हे नेहमीचे घातलेच, शिवाय वाफेचं यंत्र म्हणून भाजलं, पोळलं, चटका, फोड हेही घातले. हे कुणी सांगितलं नव्हतं. मी कामात चोख आहे, एवढंच. झाकलेल्या कमेंटचा एक वेगळा कप्पा असतो. तो आठवड्यातून एकदा उघडायचा आणि रिकामा करायचा. त्या आठवड्यात लाइव्हच्या गडबडीत तो उघडायचा राहिला होता.

लाइव्ह म्हणजे आमच्या दृष्टीनं लगीनघाई. 'दमलेली आई' नावाची एक बाई आहे, दुसऱ्या शहरात राहते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांत अडकलेली क्लिप, मागे कपड्यांचा ढीग, आणि तशीच्या तशी कॅमेऱ्यासमोर बसून बोलते. तिच्या शब्दाखातर बायका हव्या त्या रांगेत उभ्या राहतील. संध्याकाळी ती आपल्या पानावरून आणि बदकूच्या पानावरून एकाच वेळी लाइव्ह येणार होती आणि पोरीला वाफ देऊन दाखवणार होती. त्यात एक खेळ ठेवला होता. मधूनमधून बदकू कमेंट टाकणार, ती सगळ्यांत वर चिकटणार, आणि दमलेली आई ती बदकाच्या आवाजात मोठ्यानं वाचणार. कल्पना माझी. ओळी मी लिहिलेल्या आणि साहेबांनी मंजूर केलेल्या.

त्या दिवशी सकाळी वहिनीचे फोन येत होते. मी मीटिंगमध्ये. एकदा कापला, दुसऱ्यांदा कापला, मग तिचा मेसेज आला, 'मोकळी झालीस की कर.' वहिनी कधी उगाच फोन करत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी जेवायच्या सुट्टीपर्यंत थांबले.

जेवताना सवयीनं बदकूचं पान उघडलं, माझ्या स्वतःच्या फोनवर. सकाळच्या पोस्टखाली पहिलीच कमेंट वहिनीची.

'आम्ही रेघेपर्यंतच पाणी भरलं होतं. तरी बदकाची मान उडाली आणि उकळतं पाणी माझ्या मुलीच्या हातावर आलं. हात भाजलाय, फोड आलाय. कृपा करून मुलांना याच्याजवळ बसवू नका. मुलगी विचारतेय, बदकूला कळलं का.'

वहिनीची मुलगी म्हणजे टिंगू. माझी भाची, पाच वर्षांची. ते बदक मीच तिला वाढदिवसाला दिलं होतं, कंपनीकडून नमुना म्हणून आलेलं. तिला पक्कं माहीत होतं की आत्या बदकूबरोबर काम करते.

जिन्यात जाऊन फोन लावला.

"घाबरू नकोस," वहिनी आधी तेच म्हणाली. "डॉक्टरांकडे जाऊन आलो. मनगटापासून वर, पट्टी बांधलीय. चेहऱ्यावर आलं नाही, एवढंच नशीब. नुसती वाकली होती गं त्याच्याशी बोलायला."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"केले की फोन. मग वाटलं, तुझं कामाचं ठिकाण, तुला कशाला अडचणीत टाका. पण लोकांना कळायला नको का? म्हणून आपलं गिऱ्हाईक म्हणून लिहिलं. तुझं नाव नाही घेतलं हं कुठे. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय! बरं केलंस."

"कुणी काही बोललंच नाही पण त्यावर," ती जरा पडलेल्या आवाजात म्हणाली. "एक शब्द नाही. लोकांना वाटत असेल, बाई खोटं बोलतेय. त्या बदकाचा तेवढा मेसेज आला. कळलं म्हणाला."

टिंगूला पापा दे म्हटलं आणि फोन ठेवला.

आता खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. टिंगूच्या हाताचं वाईट वाटत होतंच, डोळ्यांत पाणी होतं, पण त्याच्याखाली हायसंही होतं. गोष्ट चव्हाट्यावर आली होती. आता लोक भडकतील, काटा लाल होईल, साहेबांना दिसेल, लाइव्ह रद्द होईल, आणि हे सगळं माझ्या तोंडून एक शब्द न निघता होईल. नोकरी लागून मला वर्षही झालं नव्हतं. मी मूग गिळून जागेवर जाऊन बसले आणि गोंधळ सुरू व्हायची वाट बघू लागले.

गोंधळ काही सुरू होईना. डिझाइनवाली बदकूच्या डोक्यावर टोपी चढवत होती. साहेब कंपनीवाल्यांशी फोनवर हसत होते. काटा हिरव्यात. मी दर थोड्या वेळानं माझ्या फोनवर वहिनीची कमेंट बघत होते. होती की तिथेच. लोकांनाच काही पडलेली नाही म्हणावं का? स्वतःची पोरं मांडीवर घेऊन मोबाइल बघतात आणि दुसऱ्याचं पोर भाजलं तर पुढे सरकतात? मला सगळ्या आयांचा राग आला. त्या दुपारी मी चुकीच्या लोकांवर फार मनापासून रागावले.

लाइव्हला थोडाच वेळ उरला असताना दमलेल्या आईचा फोन आला.

"बदकू, झाली गं तयारी. आणि ऐक, मी सगळ्या कमेंट वाचून काढल्या. डोळे झाकून मी कुठलीच वस्तू हातात घेत नाही, माझ्या बायका मला फाडून खातील. पण एक तक्रार नाही! म्हटलं, चला. तर मी काय म्हणते, बाळीला लांब खुर्चीवर नको, मांडीवरच घेते. लांब बसवलं की खोटं वाटतं."

"एकही तक्रार नाही?" मी विचारलं.

"एक नाही."

"आज सकाळच्या पोस्टखाली?"

"तिथे कुणा आजीनं बदाम टाकलेत नुसते. का गं?"

"एक मिनिट. मी बघून लगेच फोन करते."

"नको करूस. फोन आता नवऱ्याकडे जातोय, त्यावरूनच लाइव्ह आहे. दोन्ही फोनचे आवाज बंद. तुम्हीच तर शिकवलंय! चल, तिथेच भेटू." आणि तिनं ठेवला.

आमच्या ऑफिसात एक परका फोन आहे. खणात असतो. त्यावरच्या खात्याला ना मित्र, ना नातेवाईक, ना कुणाची ओळख. काहीही मोठं करायच्या आधी पान एकदा परक्या फोनवर बघायचं, हा आमचा शिरस्ता. आपल्याला जे दिसतं ते जगाला दिसत असेलच असं नाही, हे नव्या मुलांना मीच नाकानं कांदे सोलत शिकवते. त्या दिवशी मी तो खणातून काढलाच नव्हता.

आता काढला. पान उघडलं. सकाळची पोस्ट, खाली आजीचे बदाम. वहिनी नाही.

माझ्या फोनवर वहिनी आहे. परक्या फोनवर नाही. दोन्ही फोन शेजारी शेजारी धरून मी वेड्यासारखी बघत राहिले, आणि मग लखकन डोक्यात आलं. झाकलेली कमेंट लिहिणाऱ्याला दिसते, आणि त्याच्या ओळखीतल्यांना दिसते. वहिनीच्या ओळखीत मी आहे. ती 'भाजलाय' म्हणाली, 'फोड' म्हणाली, चाळणीनं तिला झाकलं. बिचारी दिवसभर रिकाम्या खोलीत बोलत होती आणि त्या खोलीत तिच्याबरोबर मी एकटी बसले होते, सगळ्या जगावर रागावून.

मी तो कप्पा उघडला. बोट खाली नेत गेले. 'मान निघाली, पाणी उडालं, थोडक्यात वाचलो.' 'चोचीचं भोक बारीक आहे, वाफ कोंडते, मानेला आटेच नाहीत, नुसती दाबून बसवलीय.' एका बापानं पावलाचा फोटो टाकला होता, लहान पावलाचा. एका आजोबांनी लिहिलं होतं, 'बाळ ठीक आहे पण त्याच्या आईला चटका बसला, कृपया लक्ष द्यावे.' प्रत्येकाखाली मेसेज गेल्याची खूण. बदकूला कळलं. बदकूला कळलं. बदकूला कळलं.

साहेबांच्या काचेच्या खोलीत मी दार न वाजवता गेले.

"सर, लाइव्ह थांबवा. बदकाची मान उडतेय. ह्या कमेंट बघा."

त्यांनी पाहिलं. सगळं नाही, पण पाहिलं. चेहरा उतरला, नाही असं नाही. मग ते म्हणाले, "हे जुन्या मालात होतं. कंपनी बोलली होती मला. नव्या मालात मान बदललीय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बदललीय म्हणतोय ना."

"मग दमलेल्या आईकडे कुठलं गेलंय? जुनं का नवं?"

त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, ठेवला. "नवंच असणार. आत्ता पाठवलंय."

"असणार म्हणजे? ती पोरीला मांडीवर घेऊन बसतेय! माझ्या भाचीचा हात भाजलाय सकाळी."

"भाचीचा?" ते खरंच कळवळले. "अरे अरे. बरी आहे ना?" आणि लगेच, "हे बघ, आता लाइव्ह थांबवलं तर सगळ्यांना कळेल काहीतरी आहे. एकदा होऊन जाऊ दे. उद्या सकाळी पहिलं काम, कंपनीशी बसू, तुझे हे सगळे मेसेज दाखवू. शब्द देतो. जास्त पाणी भरलं असेल गं लोकांनी."

"रेघेपर्यंत भरलं होतं."

"तू आता बदक हो," ते म्हणाले. आवाज मऊ होता, पण हात मात्र दाराकडे होता. "तुझ्याशिवाय ते बोलणार कसं? ठरलेल्या ओळी टाक. बाकी मी आहे."

जागेवर येऊन मी दमलेल्या आईला फोन लावला. वाजत राहिला. नवऱ्याला लावला, तोही वाजत राहिला. मेसेज टाकले, पोचले, उघडले नाहीत. तिच्या शहरात माझ्या ओळखीचं कुणी नाही. मग समोरच्या भिंतीवरचा मोठा पडदा उजळला आणि त्यावर ती आली, अगदी नेहमीसारखी. क्लिप अडकलेली, मागे कपड्यांचा ढीग. टीपॉयवर बदक. बघणाऱ्यांचा आकडा भराभर वर चढायला लागला. साहेब खोलीतून बाहेर येऊन माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहिले.

"टाक," ते म्हणाले.

मी पहिली ओळ टाकली. "क्वॅक क्वॅक! ताई, तहान लागली, पाणी पाजा!" तिनं बदकाच्या आवाजात वाचली, हसली, बदकाची मान काढली, पाणी भरलं आणि रेघ कॅमेऱ्याला दाखवली. "बघा हं, रेघेच्या वर नाही." मान दाबून बसवली. मी डोळे फाडून बघत होते. आटे आहेत का? फिरवली का तिनं? नाही. नुसती दाबली. पण नव्या मानेत आटे असतील असं तरी कुठे कुणी म्हटलं होतं?

दुसरी ओळ. "आता माझं बटण दाबा, गुदगुल्या होतात!" तिनं बटण दाबलं. बदकाचा दिवा लागला. पाणी तापायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात ती सर्दीबद्दल, रात्रीच्या जागरणाबद्दल, नवरे कसे घोरत पडतात याबद्दल बोलली. कॅमेऱ्यामागून नवरा "ए!" म्हणाला. बदामांचा पाऊस पडत होता. साहेबांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर वर वर सरकत होता.

मग तिनं बाळीला उचलून मांडीवर घेतलं. दीड-दोन वर्षांची, शेंबडी, गोड पोर. चोचीतून वाफेचा पहिला धागा निघाला आणि बाळीनं दोन्ही हात पुढे केले.

"तिसरी," साहेब म्हणाले.

तिसरी ओळ होती, "बाळी, माझ्या जवळ ये, आणखी जवळ!"

ती माझ्यासमोर तयार होती. बटण दाबायचं तेवढं. माझा हात उचलेना. मला कसली देशसेवा आठवली नाही. मला फक्त टिंगू दिसली, त्याच्याशी बोलायला वाकलेली. मी ओळ पुसली आणि टाइप करायला लागले. दोनदा चुकलं. साहेबांना वाटलं, मी ओळ सजवतेय. लोकांच्या कमेंट चाळणीतून जातात. बदकूच्या जात नाहीत. बदकूला सगळे शब्द मोकळे आहेत.

टाकली आणि वर चिकटवली.

दमलेल्या आईनं फोनकडे मान वळवली. "अय्या, बदकू बोलला!" आणि तो चिरका, लाडिक आवाज काढून वाचायला लागली, "ताई, बाळीला आधी मांडीवरून खाली उतरवा. माझी मान उडते आणि उकळतं पाणी..."

लाडिक आवाज मध्येच विझला. बाळीचे हात वाफेत होते. मग कॅमेरा एकदम जमिनीकडे गेला, फरशी दिसली, नवऱ्याचा पाय दिसला, बाळीचं भोकाड ऐकू आलं. भाजली की काय? कॅमेरा परत वर आला तेव्हा बाळी बापाच्या कडेवर होती, रागानं लाल, दोन्ही हात धड. प्लग ओढलेला होता. दमलेली आई टीपॉयपासून लांब, भिंतीला टेकून उभी होती. तिनं उरलेलं तिच्या स्वतःच्या आवाजात वाचलं.

"आज सकाळी एका मुलीचा हात भाजला. तिच्या आईनं इथे लिहिलं होतं. तुम्हाला ते दिसलं नाही, कारण आम्ही झाकलं. मला कळलं होतं."

वाचून झाल्यावर ती बदकाकडे बघत राहिली. आम्हीही. ते शेवटची वाफ सोडत होतं. मान आता उडेल, मग उडेल असं वाटत होतं. उडाली नाही. वाफ बारीक होत गेली आणि बदक गप्प झालं. पडद्यावर लाइव्ह बंद झाल्याची पाटी आली.

"झालं काही?" साहेबांचा आवाज फाटला होता. "सांग ना! झालं काही? उडाली मान?"

"नाही."

"मग? मग कशासाठी केलंस हे?"

"नाही उडाली, बरं झालं," मी म्हटलं आणि कप्प्यातलं 'सगळ्या दाखवा' बटण दाबलं. ते त्यांच्या डोळ्यांदेखत दाबलं, पण ते काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. टूल त्यांनी कधी हातात धरलंच नव्हतं, फक्त तबकडी बघायचे. आता तबकडीचा काटा हिरव्यातून सुटला, पिवळं ओलांडून लालकडे गेला. कंपनीचा फोन वाजायला लागला. साहेब फोन घेईनात. त्यांचा उजवा हात खाली लोंबत होता, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्यांची कीव आली.

"हे परत झाकायचं कसं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी नाही झाकणार, सर."

"मग तू घरी जा," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "उद्या येऊ नकोस."

डिझाइनवाली खुर्चीत आकसून बसली होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी पर्स उचलली. परका फोन टेबलावरच पडला होता, तो खणात ठेवायला हातात घेतला आणि राहवलं नाही म्हणून पान उघडलं. सकाळची पोस्ट. आजीचे बदाम. आणि त्यांच्या वर वहिनी. तिच्याखाली बायकांची रीघ लागली होती. 'आमच्याकडेही हेच झालं.' 'ताई, मुलगी कशी आहे?' 'आम्हाला वाटलं आमचीच चूक.' मी तिथेच, उभ्या उभ्या, रडले.

खाली रस्त्यावर आले तर वहिनीचा फोन. उचलला तर टिंगू.

"आत्या! बदकूनं सगळ्यांना सांगितलं! त्या ताईनं वाचलं. आईनं मला दाखवलं."

"हो का? हात दुखतोय का गं?"

"थोडा. आईला खूप जणींचे मेसेज आले. आई हसतेय आणि रडतेय पण." मग ती विचारात पडली. ती विचारात पडली की फोनवर तिचा श्वास ऐकू येतो. "आत्या, पण आईनं तर सकाळीच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, कळलं."

"हो."

"मग त्यानं तेव्हाच का नाही सांगितलं सगळ्यांना?"

बाजूनं गाड्या जात होत्या. मी दुकानाच्या पायरीवर बसले.

"त्याला भीती वाटत होती," मी म्हटलं.

"गरम पाण्याची?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पाच वर्षांच्या पोरीला ते पटलंही असतं.

"नाही गं," मी म्हटलं. "आईला फोन दे. मला तिला काहीतरी सांगायचंय."